आमच्या घरातलं पित्त

आमच्या घरी रविवारी सकाळी पित्त काढायचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, तांब्याभर कोमट पाण्यात मूठभर मीठ घालायचे, ते उभ्याउभ्या पिऊन टाकायचे आणि मोरीत वाकून दोन बोटं घशात घालायचे. त्या आवाजानं नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीतली शेजारची दोन घरं जागी व्हायची. पिवळं, हिरवट, फेसाळ पाणी पडायचं. मग अण्णा लालबुंद तोंडानं वळायचे आणि विचारायचे, "चला, कोणाचा नंबर?"

माझा नंबर मी मुकाट लावायचो. धाकटा भाऊ पळायचा. तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान. कॉटखाली जाऊन भिंतीला चिकटायचा. अण्णा त्याचा पाय धरून ओढून काढायचे, मानगूट पकडून मोरीशी आणायचे आणि मला सांगायचे, "धर रे याचे हात." मी धरायचो. अण्णा आपल्या घशातून काढलेली तीच बोटं नुसती पाण्यात बुडवून त्याच्या घशात घालायचे. एकदा तो चावला. अण्णांनी त्याचं डोकं मोरीच्या कठड्यावर आपटलं. भुवई फुटली, मीठ-पाण्यात रक्त मिसळलं, आणि त्यातच त्याला उलटी झाली. अण्णा म्हणाले, "बघ, किती साठलं होतं."

आई दारात उभी असायची. "लहान हाय ते. सोडा ना आता."

"लहान हाय तवाच काढायचं. मग ते डोक्यात जातं."

हा आमच्याकडचा समज होता. पित्त पोटात राहिलं की डोक्यात चढतं आणि माणूस तापट होतो. अण्णा ताट भिरकवायचे, आईला पट्ट्यानं मारायचे, गल्लीत कुणाशी तरी हातघाईवर यायचे, आणि संध्याकाळी सगळे म्हणायचे की पित्ताची प्रकृती आहे, काय करणार. गोळी घेणं कमीपणाचं होतं. पोटात आग पडते म्हणून गोळी मागणारा पुरुष अण्णांच्या हिशेबी पुरुषच नव्हता. बोटं घाला, बाहेर काढा, कामाला लागा.

साठी ओलांडल्यावर अण्णा वाळू लागले. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. तरी रविवार चुकला नाही. शेवटी शेवटी मोरीत जे पडायचं ते काळपट असायचं, आणि अण्णा समाधानानं सांगायचे की आता तळाचं जुनं पित्त निघतंय. नाशकातल्या सर्जननं त्यांचं पोट उघडलं आणि तसंच परत शिवलं. जठराचा कॅन्सर सगळीकडे पसरला होता. महिनाभर ओरडत होते. मॉर्फिन उतरलं की जे हाताला लागेल ते आईच्या अंगावर फेकायचे. गेले तेव्हा, खरं सांगतो, आम्ही दोघे भाऊ रडलो नाही.

पण त्यांचा हात आमच्याकडे राहिला.

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत आमचं दोघांचं छोटं वर्कशॉप आहे. भाऊ लेथवर लोखंडाचे सुटे भाग कातायला बसतो, मी ऑर्डरी आणतो, माल पोचवतो. त्याच्या हाताला जी सफाई आहे ती मला कधी जमली नाही. तरी थोरला म्हणून शब्द माझा. तो उलटून बोलला की मी हात उगारायचो, आणि चाळिशी ओलांडलेला तो माणूस माझ्यावर पाइप घेऊन धावायचा. एकदा मी तुकडा पकडणारा लेथचा चक आवळायची जड लोखंडी चावी फेकून मारली. ती नडगीवर लागली आणि हाड दिसलं. टाके घालून आणल्यावर त्याच संध्याकाळी आम्ही एकाच ताटात भेळ खाल्ली. कामगारांना याची सवय झाली होती. आमचे आवाज चढले की ते मशीन बंद करून चहाला जायचे. जाताना कुणीतरी हळूच म्हणायचं, "चला, शेटलोकांचा व्यायाम सुरू झाला."

मग माझं पोट दुखायला लागलं. उपाशीपोटी जळायचं, खाल्लं की थांबायचं. मी बायकोच्या तगाद्यानं पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो. बाई स्पष्टवक्त्या होत्या. घशातून नळी घालून आत पाहिलं, एक व्रण निघाला, आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. पुढच्या भेटीत म्हणाल्या, "तुमच्या जठरात एच. पायलोरी नावाचा जीवाणू आहे. हा बहुतेक लहानपणी घरातच लागतो. पुढे वर्षानुवर्षं तिथंच राहतो."

मी विचारलं, "घरात म्हणजे कसा?"

"लाळेतून, उलटीतून, अस्वच्छ हातांतून, पाण्यातून. नेमकं कसं ते प्रत्येकाच्या बाबतीत सांगता येत नाही."

मला मोरी दिसली. मी त्यांना रविवारचं सांगितलं. लिहिता लिहिता त्यांचं पेन थांबलं.

"वडील कशानं गेले?"

ते सांगितल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली. म्हणाल्या की घाबरू नका, हा जंतू असलेल्या बहुतेकांना कॅन्सर कधीच होत नाही. पण जठराच्या कॅन्सरमागचं हे सगळ्यात मोठं कारण आहे. हा जंतू अस्तराला सतत सूज ठेवतो. वीस-तीस वर्षांत ते अस्तर झिजतं, काही जणांत त्याचं रूपच बदलतं, आणि त्यातल्या थोड्यांत पुढे कॅन्सर उभा राहतो. तंबाखू असेल तर धोका आणखी वाढतो. ज्याच्या वडिलांना झालाय त्यानं तर हा अंगावर काढूच नये. जंतू मारला की धोका कमी होतो. साफ संपत नाही, पण कमी होतो. आणि जितक्या लवकर माराल तितकं बरं.

"भावंडं आहेत?"

"एक भाऊ."

"त्याला घेऊन या."

मी चौदा दिवस मूठभर गोळ्या खाल्ल्या. तोंडात सतत नाणं चघळल्यासारखी चव. पुढे जंतू गेला की नाही हे बघायला श्वासाची तपासणी करायची होती, आणि त्याआधी बाईंनी बजावलं होतं की पित्ताची गोळी दोन आठवडे पूर्ण बंद ठेवा. गोळी चालू असली की जंतू दबून बसतो, मरत नाही, पण तपासणीत दिसत नाही. ते दोन आठवडे मी जळजळ सहन करत काढले. म्हणजे हे मला माहीत होतं. पुढचं वाचताना हे लक्षात ठेवावं म्हणून इथंच सांगतो.

भावाला सांगितलं तर तो लेथवरून मान न वळवता हसला. "तुझ्या पोटात जंतू? कमाल आहे त्याच्या हिमतीची."

"तपासून घे."

"मला काही होत नाही."

"अण्णांनाही काही होत नव्हतं."

"अण्णांचं नाव काढू नको हां दादा. तू हात धरायचा माझे. विसरला का?"

तो हे पहिल्यांदाच बोलला होता. मी तिथं नुसतं 'नाही विसरलो' म्हणायला हवं होतं. मी त्याची कॉलर धरली. तो उठला. कामगार चहाला गेले.

असं कित्येक महिने चाललं. मी सांगायचो, तो टोमणा मारायचा, मी अंगावर जायचो. आता विचार करतो तेव्हा वाटतं, हेच दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तो कदाचित गेला असता. त्याची बायको मला एकदा म्हणालीही, "दादा, तुम्ही नका सांगू. तुम्ही सांगितलं की ते नाहीच म्हणतात. मला बोलू द्या." मी तिला सुनावलं, की तुझं ऐकतो तर त्याची तंबाखू का सुटली नाही.

एका सकाळी मी त्याला घरून गाडीत घेतलं. माल दाखवायला जायचंय असं त्याला सांगितलं होतं, पण वेळ ठरवली होती ती नाशकातल्या लॅबची. उपाशी ये म्हणालो, गिऱ्हाइकाकडे नाश्ता आहे. सिन्नरला जायचं सोडून गाडी शहराकडे वळली तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

"कुठं चाललास?"

"तपासणीला. नुसतं पिशवीत फुंकायचंय."

त्यानं चालत्या गाडीत स्टिअरिंग ओढलं. गाडी दुभाजकाला घासली, मागचा ट्रक हॉर्न वाजवत अंगावर आला. मी ब्रेक मारला, खाली उतरलो, त्याच्या बाजूचं दार उघडलं आणि त्याला बाहेर खेचला. भर रस्त्यात आम्ही एकमेकांना मारलं. त्याचा ठोसा माझ्या कानावर बसला, अजून त्या कानानं कमी ऐकू येतं. मी त्याच्या छातीवरचा शर्ट मुठीत धरून त्याला गाडीवर दाबला. त्या मुठीत त्याच्या खिशातलं काहीतरी चुरचुरलं. औषधाच्या पट्टीचा तो आवाज. बोटांना गोळ्यांचे उंचवटे लागले.

मी सोडला नाही. दम लागून दोघे थांबलो तेव्हा तो म्हणाला, "चल. एकदाचा फुंकतो. पण यानंतर माझ्यापुढं हा विषय काढायचा नाही."

लॅबच्या काउंटरवर एक मुलगी होती. त्याच्या फाटलेल्या खिशाकडे आणि माझ्या सुजलेल्या कानाकडे पाहून तिनं घाईघाईनं प्रश्न विचारले. नाव, वय मीच सांगितलं. आमच्यात तसंच आहे. बँक असो, लग्नाची बोलणी असोत, थोरला बोलतो आणि धाकटा बाजूला उभा राहतो.

"महिनाभरात अँटिबायोटिक घेतलंय?"

"नाही."

"ॲसिडिटीची, गॅसची गोळी चालू आहे? दोन आठवड्यांत घेतली असेल तरी सांगा."

भावानं मान वर केली. तो तोंड उघडतोय असं मला दिसलं. मी म्हणालो, "नाही. आमच्या घरात कोणी गोळ्या घेत नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं मान खाली घातली. मीच म्हणालो नाही, तर आता आपण कशाला हो म्हणायचं, असं त्याला वाटलं असेल. शिवाय हो म्हणणं म्हणजे दादासमोर कबूल करणं की आपण अण्णांच्या घरातले असून लपून गोळ्या खातो. त्याला एवढंच वाटत होतं की लाज राखली गेली. गोळीनं निकाल चुकतो हे त्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

मी खोटं का बोललो याचं उत्तर सोपं आहे. हो म्हणालो असतो तर ती म्हणाली असती, दोन आठवड्यांनी या. त्याला परत आणायचं म्हणजे परत ही मारामारी. मला ते नको होतं. एकदाचं काम उरकायचं होतं. आणि मनाच्या कोपऱ्यात असंही होतं की पट्टी डोकेदुखीची असेल.

त्यानं पिशवीत फुंकर मारली, कसलंसं पाणी प्यायला, अर्ध्या तासानं परत फुंकर मारली. दुसऱ्या दिवशी निकाल आला. जंतू नाही. त्यानं मोबाइल माझ्या नाकाला लावला. "घे. झालं समाधान? आता मिसळ चार." मी चारली. त्यानं तर्रीच्या तीन वाट्या मागवल्या आणि माझ्याकडे बघत बघत प्यायल्या. मला हसू आलं. खरंच हलकं वाटलं. तपासणी कशी झाली हे मी विसरलो आणि निकाल तेवढा धरून ठेवला.

पुढच्या उन्हाळ्यात तो बारीक झाला. मी विचारलं नाही, विषय काढायचा नाही असं ठरलं होतं. जेवणाचा डबा अर्धा परत जायचा. एका दुपारी तो लेथवर असतानाच वाकला आणि त्याच्या तोंडातून काळं, दाणेदार असं भसाभसा बाहेर पडलं. खालच्या ट्रेमध्ये लोखंडाचा चुरा आणि जळकं ऑइल असतं, तसंच ते दिसत होतं. मला आधी वाटलं ऑइलच सांडलं. मग लाल रक्त आलं. मशीनवर लावलेला लोखंडाचा जॉब अजून फिरत होता आणि ते रक्त फिरत्या चकवर पडून आमच्या दोघांच्या तोंडावर उडत होतं. मी मशीन बंद केलं. तो माझ्या अंगावर कोसळला. घाटातून गाडी मी कशी आणली ते आठवत नाही. मागच्या सीटवर एक कामगार त्याचं डोकं धरून बसला होता आणि सारखा म्हणत होता, "शेट, बोला काहीतरी. शिव्या तरी द्या."

त्याच डॉक्टर बाईंनी नळी घातली. जठराच्या खालच्या भागात गाठ होती, तिच्यातूनच रक्त येत होतं. तुकडा तपासला. कॅन्सर. आजूबाजूच्या अस्तरात जंतूही भरपूर होते.

त्या त्याच्या खाटेशी आल्या तेव्हा मी आणि त्याची बायको तिथंच होतो. त्यांच्या हातात लॅबचा मागचा निकाल होता. त्यांनी त्यालाच विचारलं, "ही तपासणी केली तेव्हा पित्ताची गोळी चालू होती का?"

"हो. रोज. वर्षानुवर्षं."

"मग लॅबमध्ये सांगितलं नाही?"

तो माझ्याकडे बघायला लागला.

मी म्हणालो, "मी नाही म्हणून सांगितलं. खिशात पट्टी आहे हे मला कळलं होतं. गोळीनं निकाल चुकतो हेही माहीत होतं."

क्षणभर त्याला कळलं नाही. मग कळलं. बाजूला पाण्याचा स्टीलचा जग होता. सलाइनची सुई लावलेल्याच हातानं त्यानं तो उचलला आणि मला मारला. कपाळाला लागला. सुई निघाली, चादरीवर रक्ताची धार उडाली, तरी तो खाटेवरून उतरून माझ्यावर येत होता. "माझ्या तोंडानं बोलू दिलं नाहीस. साल्या, जन्मभर माझ्या तोंडानं बोलू दिलं नाहीस." त्याच्या बायकोनं त्याला धरलं नाही. ती माझ्याकडे बघत उभी होती. नर्स आणि वॉर्डबॉयनं त्याला आडवं केलं. मी हात वर केला नाही. त्यात मोठेपणा काही नाही. वर करायला हातात काही उरलंच नव्हतं.

नंतर मी बाईंना बाहेर गाठलं. विचारलं, तेव्हा खरं सांगितलं असतं तर तो वाचला असता का? त्या सरळ म्हणाल्या, "अजून तो गेलेला नाही. आणि गाठ तेव्हाही असणारच, ती वर्षभरात होत नाही. जंतूचं औषध देऊन ती गेली नसती. पण जंतू सापडला असता, घरात वडिलांचा इतिहास, तर मी त्याला नळी घातली असती. तेव्हा ती लहान दिसली असती. किती लहान, ते मला माहीत नाही." मला हवी होती ती शिक्षा नाही मिळाली आणि सुटकाही नाही.

आधी केमो झाली. त्यात तो आणखी निम्मा झाला, केस गेले, पण गाठ आकसली. मग ऑपरेशन करून जठराचा मोठा भाग काढला. ते चालू असताना त्याची बायको माझ्यापासून चार खुर्च्या सोडून बसली होती. सर्जन बाहेर आले आणि तिला म्हणाले की दिसत होतं तेवढं सगळं निघालं, यकृत स्वच्छ आहे. त्यांनी माझ्याकडेही पाहिलं. मी मागे सरकलो, म्हटलं यांच्याशीच बोला.

आता तो दिवसातून सहा-सात वेळा वाटीभर खातो. जास्त खाल्लं की घाम फुटतो आणि आडवं व्हावं लागतं. तंबाखू सुटली. लेथवर तासभर बसतो. हाताची सफाई तशीच आहे. माझ्याशी तो कामापुरतं बोलतो, मापं सांगतो, माल कधी जाणार विचारतो. कामगारांना हे जड जातं. त्यातल्या म्हाताऱ्यानं मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "शेट, एखादी फेरी भांडा की. शॉप सुनं सुनं वाटतं."

भावाची मुलगी कॉलेजात शिकते. तिच्या तपासणीची वेळ आली तेव्हा सवयीनं मी म्हणालो, मी नेतो. भाऊ लेथवरून उठला. त्याच्या अंगात जोर नाही, तरी त्यानं मला भिंतीला लावला आणि गळ्यावर हात ठेवला. दाबला नाही. नुसता ठेवला.

"ती स्वतः जाईल. काय विचारतील ते स्वतः सांगेल. तू त्या बिल्डिंगच्या खालीपण उभं राहायचं नाही."

"बरं."

"आणि मी जिवंत आहे म्हणून तू सुटलास असं समजू नको."

"नाही समजत."

तो खोकला, हात काढला, आणि श्वास पुरेना म्हणून तिथंच खाली बसला. मी पाणी आणलं. त्यानं माझ्याकडून घेतलं नाही, कामगाराला हाक मारली. पुतणीला जंतू निघाला, तिचा गोळ्यांचा कोर्स चालू आहे, हे मला माझ्या बायकोकडून कळलं. भावाची पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. निकाल काय येईल ते डॉक्टर सांगू शकत नाहीत. सोबत कोण जाणार हे त्यानं ठरवलंय आणि त्यात मी नाही. त्या दिवशी मी वर्कशॉप उघडेन आणि फोनची वाट बघेन. फोन मला येईलच असंही काही नाही.